फेसाचा पेला

सासऱ्यांना मी मामा म्हणते. मामा अंगणात बोलले तर कोपऱ्यावरचा रिक्षावाला वळून बघतो. चहात साखर कमी, भाकरी जाड, पंखा कुणी चालू ठेवला, दिवसभर तोंड चालूच. मीही काही ऐकून घेणारी नव्हे. आमची जुंपली की नवरा गुपचूप चप्पल घालून सटकायचा.

म्हणून मामा हळूहळू शांत झाले तेव्हा, खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. चहा दिला की "बरं." जेवायला हाक मारली की "बरं." शिरोळहून नणंद आली, तीही खूश. "वैनी, आण्णा किती निवळलं गं!" मी देवापुढं साखर ठेवली.

डोळे उघडले ते दुधाच्या कट्ट्यावर. आमच्याकडं संध्याकाळी म्हशी कट्ट्यावर आणतात आणि समोर धार काढून पेला हातात देतात. वर फेसच फेस. मामा फेस बसेपर्यंत पेला धरून उभे राहायचे आणि कमी पडलेलं दूध भांडून घालून घ्यायचे. त्या दिवशी मी सोबत होते. मामांनी पेला फेसासकट तोंडाला लावला, पैसे दिले आणि निघाले. गवळी बघतच राहिला. थोडं पुढं गेल्यावर मामांच्या डाव्या पायातली चप्पल निसटली. त्यांना पत्ताच नाही, तसेच एका चपलेवर चालले होते. मी चप्पल उचलून मागं धावले आणि नवऱ्याला बोलावून मामांना थेट दवाखान्यात नेलं.

"डोक्याला मार लागला होता का?" डॉक्टरांनी विचारलं. नवरा नाही म्हणाला आणि मला आठवलं. महिना होऊन गेला असेल, नवऱ्याच्या गॅरेजचं अर्धवट वर केलेलं शटर मामांना लागलं होतं. टेंगूळ आलं, मी हळद लावली, मामांनी शटरला यथेच्छ शिव्या घातल्या आणि आम्ही विसरलो. शिवाय हृदयासाठी रक्त पातळ करायची गोळी चालू होतीच.

स्कॅन झाल्यावर डॉक्टरांनी समजावलं. तेव्हा एखादी बारीक शीर तुटली असणार. कवटी आणि मेंदूच्या मधे थेंबथेंब रक्त साचत गेलं आणि आता ते मेंदूला दाबतंय. म्हातारपणी साध्या टकरीनंही असं होतं, त्या गोळीमुळं जास्तच. कवटीला छोटं भोक पाडून रक्त काढायचं.

"बहुतेक माणसं सुधारतात. पण रक्त परत साचू शकतं, झटके येऊ शकतात. पूर्वीसारखे होतील का, ते आताच सांगता येणार नाही."

"पूर्वीसारखे म्हणजे भांडखोर, डॉक्टर," मी म्हटलं. "आम्हाला आमचा भांडखोर माणूस परत पाहिजे."

ऑपरेशन नीट झालं. डावा पाय सुधारला, चप्पल पायात राहू लागली. पण बोलणं तेच, "बरं." एकदा मी मुद्दाम बिनसाखरेचा चहा दिला. मुकाट प्यायले. मी स्वयंपाकघरात जाऊन ढसाढसा रडले.

डॉक्टरांनी थोडं फिरवायला सांगितलं तशी मी त्यांना कट्ट्यावर नेलं. पुढं होऊन गवळ्याच्या कानात सांगितलं, "आज नुसता फेस घाल."

"वैनी, माझं नाव घालवता व्हय?" तो भडकला. मग त्याची नजर मामांकडं गेली. पेला लांब धरून त्यानं अशी धार मारली की फेस काठावरून ओघळला.

मामांनी पेला घेतला. ओठांपाशी नेला. संपलं सगळं, मला वाटलं. आणि हात थांबला.

"आरं, ह्ये दूध हाय का दाढीचा साबण?"

अख्खा कट्टा वळला. गवळी खो खो हसायला लागला. मामा माझ्याकडं फिरले. "आणि तू काय तोंड बघतीस? घरात माझ्याशी भांडाय लई पुढं असतीस की! सांग ह्याला!"

पदरानं डोळे पुसत मी गवळ्याला एवढंच म्हटलं, "घाल रे बाबा. काठोकाठ घाल."