आईनं चिकटवलेला गणपती
उन्हात तापलेल्या गाडीचं दार उघडलं की प्लॅस्टिकचा तो उग्र वास येतो आणि मला मंगळवार पेठेतलं गॅरेज आठवतं. वडिलांच्या जुन्या गाडीचं वायरिंग जळलं होतं, डॅशबोर्ड काढल्याशिवाय इलाज नव्हता. त्यावर गणपती होता, गाडी घेतली त्या दिवशी आईनं स्वतः चिकटवलेला. आईला जाऊन वर्षही झालं नव्हतं. "पावणं, प्लॅस्टिक पापडागत झालंय," मिस्त्री वडिलांना म्हणाला, "मूर्ती सोडवताना भंगली तर मला बोल लावायचा न्हाई." मिस्त्रीनं गरम पाण्यात पिळलेलं फडकं मूर्तीभोवती दाबून धरलं, मग खालून पातळ पट्टी सरकवली. काडकन आवाज आला. वडिलांनी डोळे मिटले. "बघा तरी की!" मिस्त्री ओरडला. डॅशबोर्डचा तळहाताएवढा तुकडा उडाला होता आणि गणपती त्यावर जसाच्या तसा बसला होता. वडिलांनी तो तुकड्यासकट उचलला. "तिनं चिकटवलाय," ते म्हणाले, "सुटंल कसा?" आता तो माझ्या नव्या गाडीत आहे. "खालचा तुकडा तेवढा काढा की," बायको म्हणते. मी कुणाला हात लावू देत नाही.