विहिरीकाठचा उंबर

वेणूमामी चालता चालता मध्येच जमिनीला कान लावायची. शेतात, बांधावर, एकदा तर भर लग्नात मांडवाच्या कडेला. "आठे ऐक, पानी चाली ऱ्हायनं," म्हणत मलाही ओणवं करायची. मला वाढप्यांची पावलं तेवढी ऐकू आली. तिचे निम्मे अंदाज चुकायचे, पण उत्साह काही आटायचा नाही.

नंदुरबारच्या पूर्वेकडचं आमचं आजोळ कोरडं. नदी नावापुरती, पावसाचा भरवसा नाही. तिथे मामांच्या विहिरीच्या काठावर ऐन वैशाखातही हिरवागार उंबर होता आणि त्यावर पोपट नि हरोळ्यांची जत्रा भरलेली असायची. मामी तासन् तास बघत बसायची.

एका उन्हाळ्यात विहिरीनं तळ गाठला. उंबराच्या मुळांनी एका बाजूचं बांधकामही ढकललं होतं. उरलंसुरलं पाणी झाडच पितं, असं मामांचं ठाम मत. "झाड ऱ्हाई नहीतर इहिर ऱ्हाई," असं त्यांनी एकदाचं सांगून टाकलं. उंबराला कुऱ्हाड लावायला गावात कोणी धजेना, म्हणून खांडबाऱ्याहून करवतवाला बोलावला.

तो आला त्या सकाळी मामी लुगडं खोचून थेट विहिरीत उतरली. मुळांच्या बाजूला पाणी आहे, आधी तिथे खणा, मग काय कापायचं ते कापा, असा हट्ट धरून बसली. मामा वैतागले, पण बायको विहिरीत म्हटल्यावर करतात काय! मी आणि मामेभाऊ पहार घेऊन उतरलो. मनगटाएवढं एक मूळ खडकाच्या भेगेत शिरलं होतं. त्याच्या कडेनं खणत गेलो तसा मुरूम गार लागला, मग ओला. पहारीचा आणखी एक घाव बसला आणि भेगेतून पाणी असं उसळलं की माझा चष्माच वाहून गेला! वर करवतवालासुद्धा नाचायला लागला. मामी चिखलात फतकल मारून हसत होती आणि रडतही होती.

संध्याकाळी मी तिला विचारलं, तुला नेमकं कळलं तरी कसं? तिनं आजूबाजूला पाहून घेतलं.

"माले काय माहीत, पानी लागी म्हनीसन? माले ते झाड वाचाडनं व्हतं. तुन्हा मामाले सांगू नको."

गेल्या वर्षी मामी गेली. मामा आता येईल त्याला उंबराखाली बसवून सांगतात की आमच्या हिला जमिनीतलं पाणी दिसायचं. मी शेजारी बसून जोरजोरात मान डोलावतो.