एका पायरीचं घर, समुद्राजवळ

रत्ना,

"आमच्या सहलीचं कुठंतरी लिवा," असं तू गेला महिनाभर माझ्यामागे लागली आहेस. लिहिते. पण मला दिसलं तसं लिहीन, आणि नाही आवडलं तर मुकाट्यानं ऐकून घ्यायचं.

वाचणाऱ्यांना आधी तू कोण ते सांगायला हवं. तू भाटघरची. सकाळी घरचं उरकून कापूरहोळला जातेस आणि तिथल्या एका ढाब्यावर दुपारपर्यंत भाकऱ्या थापतेस. नवरा हनुमंत शेती बघतो. लेक शेफाली आणि जावई स्वरूप पुण्यात, त्यांचं पोर अजून रांगतंय. घरात सासू ठकुबाई, तुझ्या आत्या, वॉकरशिवाय पाऊल न टाकणाऱ्या. भोरात माझ्याकडे तू तांदूळ द्यायला येतेस आणि तासभर बसतेस, मी कितीही वेळा घड्याळाकडे बघितलं तरी.

समुद्राचं खूळ ठकुबाईंचं. सगळा जन्म धरणाच्या काठावर गेला, पण तिथं कुठंही उभं राहिलं तरी समोर दुसरा काठ दिसतोच. "पल्याड काठ न्हाई असलं पानी एकदा बगायचं," असं त्या म्हणायच्या, तेही फक्त तुझ्याजवळ.

शेफालीनं मोबाईलवर हॉटेल शोधलं. पोहायचा तलाव, दुसऱ्या मजल्यावरून समुद्र दिसणारी खोली, सकाळचा नाश्ता.

"लिफ्ट हाय का?" तू विचारलंस.

"नाही गं आई. दोनच जिने आहेत."

"मग आजीला काय पोहऱ्यात घालून वर वढायची?"

शेफाली फुगली. आजीला गाडीतूनच दाखवू समुद्र, काचेतून छान दिसतो, म्हणाली. तू पिशवी उचललीस आणि सरळ माझ्या दारात.

"बाई, ढाब्यावर रोज बगते मी. गाडी थांबती. सगळी उतरत्यात, जेवत्यात, फोटू काढत्यात. म्हातारं मानूस गाडीतच. का, तर पायऱ्या हायेत, संडास खाली बसायचा हाय. कुनीतरी पानात चार घास आनून देतं, ते मांडीवर घेऊन खातंय. आत्यांना तसं न्ह्यायचं असंल तर मी येत न्हाई, आन् त्यांनाबी धाडत न्हाई."

मग फोन करायचं काम माझ्या गळ्यात. म्हणे, तुमचं बोलनं ऐकलं की मानूस खोटं बोलायला दबकतं. आयुष्यभर मुलांना इतिहास शिकवला आणि आता अनोळखी लोकांना त्यांच्या संडासाबद्दल विचारत बसले. पहिल्याला विचारलं, पायऱ्या किती. तो म्हणाला, "मॅडम, व्ह्यू एकदम झकास आहे." मी म्हटलं, मी पायऱ्या विचारल्या. त्यानं फोन ठेवला. दुसऱ्याकडे कमोड होता, पण माडीवर. तिसऱ्याला पाहुण्यांनी स्वयंपाक केलेला चालत नव्हता, आणि त्याच्याकडे रोज सगळ्यांनी जेवायचं म्हटलं तर परवडणार नव्हतं.

मग नसरीन भेटली. श्रीवर्धनच्या अलीकडचं गाव, नारळाच्या वाडीत घर. पायऱ्या विचारल्यावर म्हणाली, "एकच. वीतभर उंच. माझी आई चाकांच्या खुर्चीत असते, तर फळी टाकून ठेवलीय." कमोड खालीच. चूल आहे, गॅस आहे, हवं ते करा. अख्खं घर, आणि शेफालीच्या हॉटेलातल्या एका खोलीपेक्षा भाडं कमी. तू शेजारून मला कोपरानं ढोसत होतीस. "घ्या, घ्या."

नसरीननं व्हिडिओ पाठवला. पौर्णिमेचा दिवस, वाडीच्या कुंपणाच्या भिंतीला लाटा लागलेल्या. इथं तू घाई केलीस. तू धरणाकडची. उन्हाळा चढेल तसं पाणी रोज खाली जाणार, हे तुझ्या हाडात भिनलेलं. "बाई, आता भिंतीला हाय. लांबवलं तर पार खाली जाईल. आत्या तितवर कशा चालनार? याच आठवड्यात निगायचं." मी म्हटलं, अगं, तो समुद्र आहे, त्याला भरती-ओहोटी असते. तू म्हणालीस, "व्हय, शाळंत शिकलीया," आणि मोकळी झालीस. जाताना माझी दारातली वेताची खुर्ची उचललीस, कारण ठकुबाईंना आपल्या आपण उठता येतं अशी तेवढी एकच.

वरंधा घाट उतरून तुम्ही दुपारी पोचलात. पुढचं मी तुझ्या तोंडून ऐकलं आणि शेफालीच्या व्हिडिओत पाहिलं. भिंतीपलीकडे नुसती वाळू. पाणी कुठल्या कुठे, एक चकाकणारी रेघ. वॉकरचे पाय दुसऱ्याच पावलाला वाळूत रुतले. ठकुबाई भिंतीशी टेकून बघत राहिल्या आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, "सोडलं व्हय पानी? सोडूंदे. खालच्या लोकांची पिकं वाळत असतील."

तू माजघरात जाऊन रडलीस, हे शेफालीनं सांगितलं, तू नाही.

नसरीननं तुझ्यापुढे परात सरकवली. "भाकऱ्या करा तुम्ही. संध्याकाळी येईल ते."

"भिंतीवर?"

"आज अष्टमी. आज भिंतीपर्यंत नाही यायचं. त्या काळ्या खडकाशी थांबेल. भिंतीला पौर्णिमा-अमावास्येलाच लागतं."

तुझ्याच घाईनं तुम्ही बरोबर अष्टमीला जाऊन पोचला होतात.

ऊन उतरलं, पाणी खडकाशी आलं आणि तिथंच राहिलं. मधे कोरड्या वाळूचा पट्टा. तू ठकुबाईंना खुर्चीत बसवलंस आणि म्हणालीस, "उचला." हनुमंत एका बाजूला, स्वरूप दुसऱ्या. शेफाली मागे पाठीला हात लावून, पोर तुझ्या कडेवर. "ए जावयबापू," ठकुबाई वरून म्हणाल्या, "सरळ चाला. डोलीतली नवरीबी इतकी हलवत न्हाईत." ओल्या वाळूवर खुर्ची टेकली. पहिली लाट पावलांवरून गेली तेव्हा त्यांनी लुगडं आवरलं, दुसऱ्या लाटेला सोडून दिलं. पोराला मांडीवर मागून घेतलं, त्याचेही पाय भिजवले. मग कपाळावर हात धरून बराच वेळ समोर पाहिलं.

"न्हाई गं रत्ना," त्या म्हणाल्या. "खरंच काठ न्हाई."

शेफालीनं तिथंच पाण्यात उभं राहून पुढच्या खेपेचा विषय काढला, आणि पहिला प्रश्न तिचा होता, पौर्णिमा कधी आहे. आता तुमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरावर ठकुबाईंनी चैत्रातल्या पौर्णिमेला कुंकवाचं बोट लावून ठेवलंय.

ते ठीक. पण निघताना तुला बजावलं होतं, बाकी काही आणू नकोस, माझी खुर्ची तेवढी आण. गाडीतून नारळ उतरले, सुकट उतरली, वॉकर उतरला.

"नसरीनच्या ओट्यावर ठेवलीया," तू म्हणालीस. "आत्या म्हनल्या, परत जायचंच हाय, तर न्या-आन कशाला?"

मग म्हणालीस, होळीनंतर स्वरूपला धाडते. मग म्हणालीस, सुगी झाल्यावर. काल तांदूळ घेऊन आलीस, तेव्हा मी दारातल्या पायरीवर बसले होते. तू ते पाहिलंस, आणि माझ्याशेजारी येऊन बसलीस.