रद्दीपासून केलेले पुस्तक

छापखान्यात त्यांना सगळे अनुस्वारराव म्हणत, कारण गळालेला अनुस्वार त्यांच्या नजरेतून सुटत नसे. मुद्रितं तपासण्यात त्यांचे केस पिकले, पण कौतुकाचा शब्द कधी कानावर आला नाही. चूक राहिली तरच लोकांना तपासनीस आठवतो. धंदाच तसा.

त्यात घरचंच कार्य निघालं. बायकोच्या थोरल्या भावाने चौथं पुस्तक लिहिलं आणि याच छापखान्यात दिलं.

"दादाच्या पुस्तकात चूक निघाली, तर माहेरी मी कुठल्या तोंडाने जाऊ?" बायकोने बजावलं.

मेहुण्याने या खेपेला जुन्या कागदांच्या लगद्यापासून बनवलेला कागद निवडला होता, आणि तसं पुस्तकात छापायचंही होतं. मालकाने ओळ दिली: 'पुनर्चक्रित कागदावर मुद्रित.'

"याला काय चाकं आहेत?" मेहुणा म्हणाला. "भाऊजी, आईला कळेल असं लिहा. माझ्या पुस्तकांना ती हातसुद्धा लावत नाही हो."

अनुस्वाररावांनी डोकं खाजवून लिहिलं: 'हे पुस्तक रद्दीपासून केले आहे.' मग ऱ्हस्व-दीर्घ पाहिलं, पूर्णविराम पाहिला. सगळं जागच्या जागी होतं. अर्थाकडे पाहायची त्यांना सवयच नव्हती. ते लेखकाचं खातं.

पुस्तकं छापून झाली, ती घेऊन अनुस्वारराव बायकोसह सासुरवाडीला पोचले. मेहुण्याने पहिली प्रत उघडली आणि त्याचा चेहरा पडला.

"माझ्या लिखाणाला रद्दी म्हणता? तुमच्या घराची पायरी चढणार नाही पुन्हा!"

बायकोने कपाळाला हात लावला. अनुस्वाररावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "कागदाबद्दल होतं ते," एवढंच कसंबसं म्हणाले.

सासूबाईंनी प्रत ओढून घेतली, चष्मा लावला आणि ती ओळ मोठ्याने वाचली.

"बरोबरच आहे की," त्या म्हणाल्या. "याच्या पुस्तकांची रद्दी झालेली तीनदा पाहिली. रद्दीचं पुस्तक झालेलं आजच बघते. वाचायलाच हवं."

त्यांनी पान उलटलं. मेहुणा काही बोलायला गेला.

"गप बस रे, वाचू दे."

त्या वाचत राहिल्या. मध्येच एकदा खुदकन हसल्या, तेव्हा मेहुण्याचे डोळेच भरून आले. तो सरकत सरकत अनुस्वाररावांच्या कानाशी आला.

"भाऊजी," तो कुजबुजला, "दुसऱ्या आवृत्तीत ती ओळ मुखपृष्ठावर घ्या."