सिमेंटला घातलेला हार

मी दसऱ्याला इंजिन नसलेल्या विमानाची पूजा केली. हार घातला, हळदकुंकू वाहिलं, नमस्कारही केला.

आमची कंपनी आफ्रिकेतली, मालवाहतुकीची. तिकडून फुलं आणि मासे युरोपात, येताना युरोपातून मशीनचे सुटे भाग तिकडे. तिच्या टेक्सासमधल्या अर्विंगच्या ऑफिसात मी सॉफ्टवेअर बघायचो, आणि माझा व्हिसा त्याच नोकरीवर. विमानं तीन. पहिलं तिकडेच उभं राहिलं. त्याचे भाग काढून उरलेल्या दोघांना लावायचे. दुसरं एका परक्या विमानतळावर अडकलं ते सुटलंच नाही. तिसरं 'किरकोळ रिपेअर'साठी टेक्सासात आलं. माझ्या स्क्रीनवर मात्र तिन्ही हिरवीगार, म्हणजे उडायला तयार. कोणी काही कळवलं नाही तर हिरवं दाखवायचं, हे मीच ठरवलेलं.

हळूहळू फोन वाजेनासे झाले. मी घरी सांगितलं, "सिस्टिम आता स्टेबल झालीय." मग पार्किंगमध्ये अगदी दाराशी जागा मिळायला लागली, तेही कौतुकाने सांगितलं. बायको पोळी लाटायची थांबली.

"अरे, मग माणसं कुठे गेली?"

"वर्क फ्रॉम होम."

तिने पुन्हा लाटणं उचललं.

दसऱ्याला म्हटलं, लॅपटॉपची पूजा काय, सगळेच करतात. आपण थेट विमानाची करू. तिसरं विमान उभं होतं त्या गावाबाहेरच्या धावपट्टीवर दोघं गेलो. आमच्या मेकॅनिकने गेट उघडलं, पण माझ्याकडे बघणं टाळलं. पंखांखाली ताडपत्रीत गुंडाळलेली धुडं लोंबत होती. इंजिनं किती जपून ठेवलीत, असं मी मोठ्याने म्हणालोसुद्धा. एवढ्या मैदानात दुसरा आवाज नव्हता. कुठलीशी साखळी तेवढी वाऱ्याने पत्र्यावर आपटत होती.

त्यातल्या एका धुडाला हार चढवून मी नारळ हातात घेतला, आणि वाऱ्याने ताडपत्रीचा खालचा पदर उडाला. आत सिमेंटचा ठोकळा. माझा झेंडूचा हार त्याच्या गळ्यात. पलीकडच्या पंखाखालीही तसंच धूड.

"इंजिनं केव्हाच विकली," मेकॅनिक म्हणाला. "वजन टांगलं नाही, तर वाऱ्यात विमान डुगडुगतं. आता हेही भंगारात जाणार. कंपनी संपली. तुला कोणी सांगितलं नाही?"

बायकोने माझ्या हातातला नारळ काढून पिशवीत टाकला. आम्ही गाडीत बसलो. पट्टा लावताना ती म्हणाली, "उद्यापासून नोकरी शोधायला लाग, व्हिसा जायच्या आत. आणि इंटरव्ह्यूत विमान कंपनीत होतो म्हणून सांगू नकोस. इंजिन कसं दिसतं विचारलं, तर काय सांगशील?"