अन्नम्माच्या पातेल्यातलं दूध

आज वैशाली नगरात सुनेनं नारळाच्या दुधात गूळ घातला आणि मला कारखान्याच्या वसाहतीतली, सेक्टर दोनची अन्नम्मा आठवली.

केरळची ख्रिस्ती अन्नम्मा आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये राहायची. असंच गूळ घातलेलं नारळाचं दूध मला प्यायला द्यायची. तिच्याशिवाय मला मैत्रीण नव्हती. सासूबाईंना मात्र संशय होता. "दुधात काहीतरी मंतरून देते ते बाई. बाटवून टाकन तुले. उद्यापासून जाऊ नोको."

त्या संध्याकाळी मी तरी गेले, तर त्या माझ्या मागोमाग तिथं आल्या. अन्नम्मा दूध निववत मला थॉमसची गोष्ट सांगत होती. येशू मरून उठला हे बाकी शिष्यांनी मानलं. हा म्हणाला, जखमेत बोट घातल्याशिवाय मानणार नाही. तोच पुढे समुद्रातून केरळला आला म्हणे.

"देवानं हाकललं असन त्याले," सासूबाई दारातून म्हणाल्या.

"नहीं अम्मा. हाथ आगे किया, बोले, देख ले." तिनं पातेलं त्यांच्यापुढे सरकवलं.

सासूबाईंनी दुधात बोट बुडवलं. तेव्हा मला शरम वाटली होती. आता कळतं, बाटायची भीती माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त होती. त्यांनी बोट चाटलं.

"विलायची कमी हाय," म्हणाल्या आणि पाट ओढून बसल्या.