पहिलं इंजेक्शन सरपंचांचं

परवा बाजाराच्या दिवशी मंद्रूपला बहिणीकडं गेलो होतो... तेव्हापासून डोक्यात नुसता गोंधळ आहे.

तिच्या शेजारच्या आळीत कॉलरा लागलाय, एक बाई गेली. बहिणीची दोन पोरं लहान, तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. पंचायतीपुढं आरोग्य खात्याची जीप आली होती. नवीन डॉक्टरीणबाई सुया उकळून तयार, रांगही भली मोठी... पण पुढं कुणी होईना.

माझी शाळा चौथीपर्यंतच. पण कॉलऱ्यावर मराठीत मिळेल ते सगळं मी वाचलंय, ओळ न् ओळ. वाटलं, लोक घाबरलेत, कुणीतरी करून दाखवायला पाहिजे. बाही वर केली, टोचून घेतलं आणि सगळ्यांना दंड दाखवला.

झालं... रांगच मोडली.

बहिणीच्या सासूनं पोरांना मागं ओढलं. "पाव्हणं, ह्ये काय केलं वो? अण्णांच्या आदी तुमी?"

"मावशी, औषध आहे ते. देवळातला नारळ नव्हे."

"व्हय, पण पयला मान सरपंचाचाच की. त्यांनी घेतल्याबगर आमच्या पोरास्नी न्हाय."

सरपंच अण्णा म्हणे मघापासून बाही दुमडून पंचायतीच्या दारात उभे होते, कुणी बोलावतंय का बघत. माझा दंड बघून त्यांनी बाही खाली केली आणि आत जाऊन बसले.

डॉक्टरीणबाईंनी हे सगळं बघितलं. मग नवी बाटली घेऊन आत गेल्या. "अण्णा, मघाची बाटली पाहुण्यांवर नुसती तपासून बघितली. गावाची बाटली ही. आपण आल्याशिवाय फोडत नाही."

अण्णा हसत बाहेर आले. "आदी पाव्हण्यावर बगितलं व्हय? लई हुशार हाय बाई."

सगळी रांग माझ्याकडं बघून हसली... आणि परत लागली.

दोन्ही बाटल्यांवर बॅचचा एकच नंबर होता, मी स्वतः वाचलेला. सांगणारच होतो. पण बहीण पोरांना घेऊन अण्णांच्या मागंच उभी होती, माझ्याकडं एकटक बघत. बाही खाली केली आणि बाजूला झालो.

लोकांनी नेमकं काय घेतलं, औषध की अण्णांचा शब्द? आणि अण्णा तसेच आत बसून राहिले असते तर...? माझ्या एवढ्या वाचनात याचं उत्तर कुठं नाही.

पोरांना टोचलं, हे मात्र खरं. तेवढ्यासाठी मंद्रूपात मी तपासणीचा पाहुणा म्हणूनच राहीन... बाईंचे उपकार आहेत.